मारबतीतली बाकाबाई: राग नक्की कोणावर?

महालकर: तान्ह्या पोळ्याला नागपुरात काळ्या मारबतीच्या, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्याच्या मिरवणुकीच्या, वाटेवर उभा होतो. शेजारी एक बाबा पोराला सांगत होते, "ही बाकाबाई. भोसल्यांची राणी, इंग्रजांना फितूर झालेली." हेच मी माझ्या आजीकडून ऐकलंय. पण थोडा हिशोब करा. इंग्रजांची तैनाती फौज नागपुरात आणणारा तह 27 मे 1816 चा, आणि तो केला राजाचे पुतणे अप्पासाहेब भोसल्यांनी. राजे रघुजी दुसरे गेले, त्यांचा मुलगा परसोजी आजारी. बाकाबाईच्या हातचा कारभार काढून घ्यायला अप्पासाहेबांना इंग्रजांचा टेकू हवा होता. पुढच्याच वर्षी परसोजी अंथरुणात मेलेले सापडले आणि गादी अप्पासाहेबांना मिळाली. मग फितूर बाईच कशी?

इतवारीचा पोट्टा: काऊन बे, सीताबर्डीची लढाई विसरला का? नोव्हेंबर 1817 मध्ये टेकडीवर इंग्रजांशी लढले ते अप्पासाहेबच ना! चूक केली, अन् तलवारीनं ती धुतली. बाकाबाईनं काय केलं? 1857 मध्ये सारा देश पेटला होता, तेव्हा ह्या बाईनं भोसल्यांच्या माणसायले गप बसवलं.

महालकर: 'तलवारीनं' म्हणतोस, पण त्याच लढाईत अप्पासाहेबांचे वकील इंग्रजांचा रेसिडेंट जेनकिन्स याच्याकडे खेटे घालत होते, की हे आमच्या हुकुमानं नाही. डिसेंबरात स्वतः रेसिडेन्सीत जाऊन बसले. शहरात लढत राहिले ते त्यांच्या फौजेतले अरब शिपाई, राजाशिवाय!

वर्धेवाली: एवढंच सांगून थांबू नका हो. 1818 मध्ये अप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्यानं राहिले. शेवटी 1840 मध्ये जोधपुरात, परमुलखात वारले. भित्रा माणूस इतकी वणवण करत नाही. पण बाकाबाईबद्दल मी महालकरांच्या बाजूची. 1853 च्या डिसेंबरात रघुजी तिसरे गेले, वारस नाही, आणि 1854 मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. हत्ती, घोडे, दागिने लिलावात निघाले. ते सगळं या म्हातारीनं डोळ्यांनी पाहिलं. फौज नाही, खजिना नाही. 1857 मध्ये तिनं कोणाच्या भरवशावर उठायचं होतं?

इतवारीचा पोट्टा: झाशीच्या राणीकडं तरी काय होतं मंग?

वर्धेवाली: किल्ला होता, दादा. इथं सीताबर्डीची टेकडी 1818 पासून इंग्रजांच्या तोफांखाली.

इतवारीचा पोट्टा: हे बरोबर आहे, मानतो. तरी फितुरीची गोष्ट काही हवेतून नाही आली.

महालकर: काळी मारबत 1881 पासूनची सांगतात, बाई 1858 मध्येच गेली. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मेलेल्या म्हातारीवर गाव ओरडत होतं? रोगराई, महागाई घेऊन जा म्हणणारी मारबत आपल्याकडं होतीच. तिच्यावर बाकाबाईचं नाव कधी चिकटलं, ते कोणाच्या घरच्या जुन्या आठवणीत असेल तर इथं लिहा. अप्पासाहेबांचा बडग्या (मारबतीसोबत निघणारा टीकेचा पुतळा) कुठं निघालेला मी तरी पाहिला नाही.