'अवतार'ची नवी मालिका: आंगचं पळून जाणं का पुसलं?

निळी शाई: नेटफ्लिक्सची 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' (२०२४) पाहून संपवली आणि राहवलं नाही. मूळ अ‍ॅनिमेशन मालिका निकलोडियनवर २००५ ते २००८ मध्ये आली. त्यात बारा वर्षांच्या आंगला कळतं की आपण अवतार, म्हणजे चारही तत्त्वांवर ताबा मिळवून जगाचा तोल राखणारा, आहोत, आणि लाडक्या ग्यात्सो गुरूंपासून तोडून आपल्याला दुसऱ्या मठात धाडणार आहेत. पोरगं घाबरतं, पळून जातं आणि वादळात सापडून बर्फात गोठतं. मागे अग्निराष्ट्र त्याच्या सगळ्या लोकांची कत्तल करतं. शंभर वर्षांनी बर्फातून निघाल्यावर तो पेंग्विनवर बसून घसरगुंडी करतो, खिदळतो, पण ते ओझं आत असतंच.

नव्या मालिकेत तो पळतच नाही. डोकं शांत करायला अप्पा या आपल्या उडत्या प्राण्यावर बसून फेरी मारायला जातो आणि वादळात सापडतो. मग पुढे जो तो त्याला 'तू आम्हाला सोडून गेलास' म्हणून सुनावतो, ते कशाबद्दल? सोक्काचंही तेच. मुलींना कमी लेखणारा सोक्का, आंगचा सोबती, मूळ मालिकेत सुकी या योद्धा मुलीकडून सपशेल हरतो आणि गुडघे टेकून 'मला शिकव' म्हणतो. उद्धटपणाच पुसलात तर त्याने शिकायचं काय? मुलांना चुकणारी मुलं दाखवायला एवढं घाबरायचं कारण काय?

डोंगरवाट: अजिबात पटलं नाही. पहिल्या पर्वाचे २० भाग ८ भागांत बसवायचे तर काटछाट होणारच. आणि भर काय घातली ते बघा की! अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको युद्धसभेत नवख्या सैनिकांचा बळी द्यायला विरोध करतो, म्हणून बाप त्याचा चेहरा जाळून त्याला हद्दपार करतो. इथवर दोन्हीकडे सारखं. पण नव्या मालिकेत तीच ४१ वी तुकडी त्याच्या जहाजावर दिली जाते. आपण कोणामुळे जिवंत आहोत हे त्या सैनिकांना कळतं आणि सगळे त्याला मानवंदना देतात. मूळ लेखकांनाही हे सुचलं नव्हतं. मी ढसाढसा रडलो.

आजोळ: निळी शाई, +१. मूळ निर्माते दिमार्टिनो आणि कोनिएत्झको २०२० मध्येच मतभेदांमुळे बाहेर पडले, ते पदोपदी जाणवतं. बूमी राजाचं काय केलंय! मूळचा बूमी चक्रम, आंगला कोड्यात पाडणारा, आणि जुना मित्र ओळखू आल्यावर दोघं मिठी मारतात. इथला बूमी कडवट म्हातारा. शिवाय सुरुवातीलाच माणूस जिवंत जळताना दाखवलाय. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी बघायचं तरी कसं?

डोंगरवाट: युद्धाची गोष्ट आहे, आजोळ. शंभर वर्षं युद्धात काढलेला राजा कडवट नसेल तर कोण असेल? आंगच्या लोकांच्या हवाई मठावरचा हल्ला मूळ मालिकेने कधी नीट दाखवलाच नाही.

निळी शाई: दाखवला नाही, म्हणूनच तो काळजात घुसतो. ग्यात्सोंचा सांगाडा, भोवती अग्निराष्ट्राच्या सैनिकांचे सांगाडे आणि शिरस्त्राणं. ते बघून शेवटी काय झालं असेल ते मुलं बरोबर ओळखतात. त्यांना उलगडून सांगावं लागत नाही.

४१ व्या तुकडीचं मात्र शंभर टक्के मान्य, तो प्रसंग अप्रतिम आहे. पण तो लागू का पडतो बघा. झुकोला या लेखकांनी चिडू दिलंय, काकांवर ओरडू दिलंय, चुकीच्या बापामागे धावू दिलंय. एवढी मोकळीक त्यांनी आंगला का नाही दिली, याचं उत्तर मला अजून तुमच्याकडून हवंय.