जर्मन नागरिकत्व : नेमकं कुठे अडतं? (अनुभव धागा)

२७ जून २०२४ पासून आठऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये निवडणूक झाली. ऑक्टोबरात नव्या सरकारने तीन वर्षांची खास वाट बंद केली, पाचांची अट टिकली. ज्यांनी ही कागदपत्रं हाताळली आहेत, त्यांनी कुठे अडतं तेवढं लिहावं.

*

नागरिकत्वाच्या परीक्षेची धास्ती नको. ६० मिनिटांत ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की उत्तीर्ण. ३१० प्रश्नांचा संच आधीच जाहीर असतो. पण नुसतं घोकून कार्यालयात जाऊ नका. निष्ठापत्रावर सही घेताना बरेच अधिकारी म्हणतात, ‘यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा.’ नाझी राजवटीबद्दलची जर्मनीची जबाबदारी आणि ज्यू समाजाचं रक्षण हे मुद्दे त्यात २०२४ पासून आहेत. ते समजून घ्या आणि जर्मनमध्ये चार वाक्यं घरी मोठ्याने बोलून बघा.

*

जन्मदाखल्यावर अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून आणू नका, पैसे वाया जातील. भारताचं अपोस्टील जर्मनी मानत नाही. गरज वाटली तर कार्यालय भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत पडताळणी करून घेतं, त्यात महिने जातात. जुन्या दाखल्यात अनेकदा बाळाचं नावच नसतं. ते नगरपालिकेत आधी चढवून घ्या.

*

नावाचा घोळ सगळ्यात चिवट. आपल्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं, दोन्ही नावं असतात. जर्मन नोंदीत ती दोन्ही तुमचीच ठरतात. नागरिकत्वानंतर स्टांडेसआम्टमध्ये (जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात) घोषणा करून वडिलांचं नाव गाळता येतं. मात्र मग नवा पासपोर्ट जुन्याशी जुळत नाही आणि ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा) अर्ज रखडतो. गाळायचंच असेल तर घोषणेच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच घ्या. माझ्या मते राहू द्यावं. या समाजात मिसळायचं तर बापाचं नाव गाळा, असं इथला कुठलाही कायदा म्हणत नाही.

*

प्रमाणपत्र हातात पडलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. दुहेरी नागरिकत्व जर्मनीने मान्य केलं, भारताने नाही. त्यामुळे पुढच्याच आठवड्याचं मुंबईचं तिकीट काढून ठेवू नका. जुना पासपोर्ट वापरता येत नाही, तो भारतीय वकिलातीत परत करायचा असतो. नवा जर्मन पासपोर्ट यायला आठवडे लागतात आणि त्यावर व्हिसा किंवा ओसीआय हवंच.

गावची जमीन जाईल ही भीती खोटी. शेतजमीन विकत घेता येत नाही, पण ती एनआरआय असतानाही घेता येत नव्हतीच. वारसाहक्क राहतो. फक्त सातबाऱ्यावर वारसनोंद करताना तलाठी नाव ताडून बघतो, तिथे वर लिहिलेला घोषणेचा दाखला लागेल.