युरोपीय संघाची सही : एक करार की सत्तावीस?

लायडनकर :
"ब्रुसेल्सची सही केवळ शोभेची असते, खरा करार 27 संसदांतच होतो," असे विधान युरोपीय संघाच्या व्यापार करारांविषयी काल येथील एका लेखात ठामपणे केलेले वाचले आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. व्यापार हा संघाच्या एकट्याच्या अधिकारातला विषय आहे. बोलणी सुरू करण्याची परवानगी सदस्य देशांच्या मंत्र्यांची मंत्रिपरिषद देते, बोलणी आयोग म्हणजे संघाची कार्यकारी शाखा करते, युरोपीय संसदेची संमती लागते आणि शेवटचा निर्णय पुन्हा परिषदेचाच असतो. संघाच्या कामकाजाविषयीच्या तहाच्या कलम 218 मध्ये ही सारी वाट आखलेली आहे. असा करार संघाच्या संस्थांवर आणि प्रत्येक सदस्य देशावर बंधनकारक असतो, आणि तो संघाच्या कायद्याचाच भाग होतो हे लक्झेम्बर्ग येथील संघाच्या न्यायालयाने 1974 मध्ये हेगमन खटल्यात सांगून ठेवले आहे. याला शोभा म्हणणे अन्यायाचे आहे.

कलमवाला :
कागदावर आपण म्हणता ते खरे, पण 2016 चा ऑक्टोबर आपण विसरलात. मी त्या वर्षी बेल्जियममधील लीज शहरात शिकत होतो आणि एका दूध-उत्पादकाच्या घरी भाड्याने राहत होतो. कॅनडाशी झालेल्या कराराचे नाव निघाले की त्या घरात जेवण थांबत असे. वालोनिया या एका प्रांताने नकार दिल्यामुळे बेल्जियमला सही करता येईना आणि सात वर्षे चाललेली बोलणी शेवटच्या आठवड्यात अडकून पडली. अखेर 30 ऑक्टोबरला सही झाली. आयोगाच्या स्वतःच्या मते तो निव्वळ संघाचा करार होता, तरीही त्यालाच तो मिश्र करार म्हणून, म्हणजे संघाबरोबर प्रत्येक सदस्य देशाचीही मंजुरी लागणारा करार म्हणून, मांडावा लागला. मग अधिकार नेमका कोणाचा?

लायडनकर :
तोच करार 21 सप्टेंबर 2017 पासून तात्पुरता लागू आहे आणि त्यानुसार जकात उतरलीही. सायप्रसच्या संसदेने 2020 मध्ये विरोधात मत दिले, तरी अंमल थांबला नाही. शिवाय 2017 मध्ये सिंगापूर कराराविषयी न्यायालयाने स्पष्ट केले की थेट नसलेली गुंतवणूक (जसे कंपनीवर ताबा न घेता नुसते शेअर घेणे) आणि गुंतवणूकदार व सरकार यांच्यातील तंट्यांची सोडवणूक एवढे वगळता बाकी सारे संघाच्या एकट्याच्या अधिकारात येते. त्यानंतर त्या कराराचे दोन भाग केले गेले आणि व्यापाराचा भाग नोव्हेंबर 2019 मध्ये लागूही झाला.

निफाडचा बागायतदार :
सही एकाची की सत्तावीस जणांची, याने आमच्या मालाचे काय होते ते कोणी सांगेल का? एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून काडीत घड तयार व्हावा म्हणून आम्ही सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराईड) हे रसायन वापरत असू. 2010 मध्ये आमच्या द्राक्षांचा रेसिड्यू अहवाल स्वच्छ होता, कारण त्या रसायनाची तपासणीच त्यात नव्हती. माल युरोपात पोहोचल्यावर खरेदीदाराने तो नाकारला. त्यांची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती. त्या हंगामाचे कर्ज फेडायला मला चार वर्षे लागली.

कलमवाला :
आपले नुकसान मोठे आहे, परंतु तो प्रश्न कराराचा नाही. ती मर्यादा संघाच्या अंतर्गत नियमातून आलेली आहे.

निफाडचा बागायतदार :
चार वर्षे बँकेच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला 'तो प्रश्न कराराचा नाही' असे सांगू नका. आपण बागेत एक हंगाम काढावा आणि मग खटल्यांची नावे सांगावीत.

रत्नागिरीची वाचक :
ताई म्हणून मध्ये पडते, पण बाजू बागायतदारांचीच घेते. 1 मे 2014 पासून फळमाशीच्या कारणाने युरोपीय संघात आमचा हापूसही बंद झाला होता आणि 2015 च्या आरंभी तो पुन्हा सुरू झाला. ऐन मोसमात दार बंद झाले, तेव्हा दाद मागायला आम्हाला जागाच नव्हती. भारताचा संघाशी व्यापार करार झाला तर ती मिळेल का, एवढेच विचारते.

कलमवाला :
मघाचा माझा स्वर कोरडा होता, हे मान्य करतो. उत्तर मात्र कडू आहे. 1982 च्या कुप्फरबर्ग खटल्यात पोर्तुगालहून पोर्ट मद्य आणणाऱ्या जर्मन व्यापाऱ्याला मुक्त व्यापार करारावर थेट बोट ठेवता येते, असे न्यायालय म्हणाले होते. पण जागतिक व्यापार संघटनेचे करार तसे पुढे करता येत नाहीत, हे 1999 मध्ये ठरले, आणि कॅनडाच्या करारातल्या 30.6 कलमाने तर खाजगी व्यक्तीला त्यावरून देशांतर्गत न्यायालयात जाण्याची वाटच बंद केली आहे. दाद मागायची तर ती एका सरकारने दुसऱ्या पक्षाकडे मागायची.

लायडनकर :
हे मला मान्य करावे लागते, आनंदाने नव्हे. करार सदस्य देशांना बांधतो, म्हणून तो शेतकऱ्याच्या हाती येतो असे नाही. मूळ लेखातले विधान तरीही चूकच आहे.

निफाडचा बागायतदार :
सही एकच असते हे तुमचे म्हणणे मी धरून चालतो. मग त्या सहीपूर्वी आमच्या सरकारने एवढे तरी मागावे की मर्यादा बदलणार असेल तर ते छाटणीच्या आधी कळले पाहिजे. माल बोटीत चढल्यावर कळून आम्हाला काही करता येत नाही.