श्रावण संपला, दाढी उतरवायची आहे: माझं मत साध्या ब्लेडला

रानवाट (सातारा)

आमच्या घरी श्रावणात दाढी करत नाहीत. परवा पोळा झाला आणि काल सकाळी महिनाभराची दाढी उतरवली. आधी कात्रीनं नुसते खुंट राहतील एवढी कापली, मग वडिलांचा पितळी रेझर काढला. पुतण्या दारात उभा राहून बघत होता. यंदा बारावी झाला, हनुवटीवर केस आलेत. म्हणाला, "काका, मी पाच ब्लेडवाला घेणारे. तो जास्त गुळगुळीत करतो ना?" मी नको म्हणालो. का नको, ते इथं सविस्तर मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर लिहावं.

आधी पैशाचं. मला एक साधं दुधारी ब्लेड चार रुपयांना पडतं आणि त्यात पाच दाढ्या निघतात, म्हणजे एका दाढीला रुपयासुद्धा लागत नाही. तीन ब्लेडचं कार्ट्रिज, म्हणजे दांड्यावर बसवायचं ब्लेडांचं डोकं, दीडशेच्या घरात जातं. ते पंधरा दाढ्या चाललं असं धरलं तरी दाढीला दहा रुपये झाले. साधं ब्लेड स्वस्त राहण्याचं कारण त्याच्या आकारात आहे. जिलेट कंपनी काढणारे किंग कॅम्प जिलेट यांना ह्या ब्लेड बदलायच्या रेझरचं पेटंट 1904 मध्ये मिळालं. पुढं पेटंटची मुदत संपली, ब्लेड कोणीही बनवू लागलं आणि त्याचं माप सगळीकडं एकच झालं. आज वाण्याकडचं कुठलंही ब्लेड माझ्या वडिलांच्या रेझरला बसतं. कार्ट्रिजचं तसं नाही. दांडा ज्या कंपनीचा, कार्ट्रिजही तिचंच घ्यायचं, मग ती मागेल तो भाव मोजायचा.

आता सुखाचं. दाढी करताना आग होते ती बहुतेकदा घाईमुळं. कोरडा केस कडक असतो, पाणी प्यायला की मऊ पडतो. म्हणून आंघोळीनंतर, नाहीतर गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं गालांवर धरून मगच साबण लावावा. मी अजून गोल साबण आणि ब्रश वापरतो. ब्रश गोल गोल फिरवला की आडवे पडलेले केस उभे राहतात. रेझर गालाशी साधारण तीस अंशांत धरायचा आणि अजिबात दाबायचा नाही. तो जड असतो, स्वतःच्या वजनानंच खाली येतो. पहिला हात केसांच्या दिशेनं. मानेवर केसांची दिशा बदलते, तिथं आधी बोटांनी चाचपून बघायचं. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा ओला खडा.

एवढं नीट केलं तर एक ब्लेड पुरतं, पाच लागत नाहीत. ह्याला तोड नाही. ब्लेड पुसून कोरडं ठेवलं की गंजत नाही आणि धारही टिकते. माझे आजोबा तेच ब्लेड काचेच्या पेल्यात आतून घासून आठवडाभर पुरवायचे. मग ते आजीच्या शिवणाच्या डब्यात जायचं, उसवायला.

लोटेकर

रानवाट, तुमचं सगळं रविवारच्या सकाळी पटतं. माझी पहिली पाळी सहाला लागते. पावणेपाचला उठतो, सव्वापाचला कंपनीची बस. मी रत्नागिरीतल्या लोट्याला रसायनांच्या कारखान्यात आहे, तिथं तोंडाला घट्ट बसणारा मास्क लागतो. दाढीचे खुंट असले तर कडेला फट राहते आणि वायू आत येतो. म्हणून रोज गुळगुळीत दाढी, पर्यायच नाही. कोणी ट्रिमर सुचवणार असेल तर त्यानंही हे लक्षात घ्यावं.

तुमच्या पद्धतीनं मी तीन महिने केली. हप्त्यातून दोनदा तरी हनुवटीखाली कापायचं. अर्धवट झोपेत, चाळीस वॉटच्या दिव्याखाली तीस अंश कोण मोजणार? कापलेल्या जागेवर मास्कचं रबर बसलं की दिवसभर चरचरतं. कार्ट्रिजचं डोकं हलतं, हनुवटीच्या वळणावर आपोआप वळतं. चार मिनिटांत दाढी होते. त्याचे दहा रुपये मी आनंदानं देतो.

आणि स्वस्त म्हणजे दुधारी ब्लेडच, असंही नाही. 2010 मध्ये जिलेटनं भारतासाठी गार्ड नावाचा रेझर काढला तेव्हा दांडा 15 रुपयांना आणि कार्ट्रिज 5 रुपयांना होतं. त्यात ब्लेड एकच, पुढं फणीसारखी पट्टी. वाटीभर पाण्यात दाढी करणाऱ्या माणसासाठी ते काढलं होतं, केस अडकले तरी लगेच धुऊन निघतात. आता भाव वाढलाय, तरी आमच्या निम्म्या खात्याकडं तोच आहे. तुमच्या हिशेबात तो धरलेलाच नाही.

रानवाट

लोटेकर, गार्डचा मुद्दा मान्य. तो धरायला हवा होता. त्यातही ब्लेड एकच आहे, म्हणजे पाच ब्लेडं लागत नाहीत हे तुम्हीही सांगताय. मास्कचं मला खरंच माहीत नव्हतं. पण तीन महिने कापत होतं तर दाब पडत असणार. रात्री करून बघितली का कधी?

लोटेकर

रात्रीची केली तर पहाटेपर्यंत खुंट हाताला लागतात. फाटकावर सुपरवायझर बघतो.

पोलादी

मी धातुशास्त्र शिकवतो, म्हणून धारेबद्दल एक दुरुस्ती. ब्लेड गंजून किंवा नुसतं झिजून बोथट होतं असं आपण समजतो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी ह्या विद्यापीठाच्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं आणि ते काम 'सायन्स' ह्या नियतकालिकात आलं. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो, तरी धारेचे बारीक टवके उडतात. पोलादाची रचना सगळीकडं सारखी नसते. केस वाकून तिरका आला आणि नेमका अशा कमजोर जागी धारेच्या कडेला लागला, की तिथं टवका जातो. एकदा टवका गेला की शेजारचाही लवकर जातो.

म्हणून पुसून ठेवल्यानं गंज टळेल, टवके टळणार नाहीत. पेल्यात घासून गेलेला टवका भरून येत नाही. रानवाट यांच्या आजोबांच्या काळी ब्लेडं साध्या पोलादाची होती. आजच्या ब्लेडवर वरून लेप असतो, घासलं तर तोच आधी जाईल. केस ओढला जातोय असं वाटलं की ब्लेड बदला, चार रुपयांसाठी कातडीचे हाल करू नका. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदला असंच सांगते.

तिसरी घंटा (पुणे)

ब्लेड एक की पाच ह्यावर चर्चा चाललीय. मी म्हणतो, ब्लेडच कशाला?

माझे केस कुरळे आहेत. बावीस ते एकतीस ह्या वयात माझ्या मानेवर सतत पुळ्या असायच्या. कॉलरला रक्ताचे ठिपके, लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतात. मी तीन ब्लेडवाला वापरायचो. त्यात पहिलं ब्लेड केस धरून वर ओढतं आणि मागचं त्याला कातडीच्या पातळीखाली कापतं. सरळ केस पुन्हा सरळ वर येतो. कुरळा केस वळून आतच घुसतो, शरीर त्याला काट्यासारखं समजतं आणि तिथं पुळी येते. मी ती नखानं उकरायचो, मग काळा डाग. दोन मलमं, एक आयुर्वेदिक लेप, सगळं झालं.

त्वचेच्या डॉक्टरांनी शेवटी एकच सांगितलं, इतकी जवळून दाढी करूच नका, मिलिमीटरभर खुंट राहू द्या. बाराशे रुपयांचा ट्रिमर घेतला, त्याला चौथं वर्ष चाललंय. पाणी नाही, साबण नाही. दोन महिन्यांत पुळ्या बसल्या. रानवाट, तुमच्या पुतण्याचे केस कुरळे असतील तर त्याच्या हातात ब्लेड देण्याआधी हे वाचायला द्या. "नीट केलं तर आग होत नाही" हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकलंय. मी नीटच करत होतो.

रानवाट

तिसरी घंटा, तुमचं वाचून मी पुतण्याला हाक मारून मान बघितली. केस सरळ आहेत. पण "घाईमुळं आग होते" हे मी सरसकट लिहिलं, ते चूक होतं. कुरळ्या केसांना ते लागू नाही.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत कोलोनजवळ राहतो. इथून सोलिंगेन पाऊण तासावर, सुऱ्या आणि वस्तऱ्यांचं गाव. तिथं घेतलेला रेझर पंधरा वर्षं वापरतोय. रानवाटना माझा पूर्ण पाठिंबा. अडचण फक्त विमानात येते. हातातल्या बॅगेत सुटं ब्लेड चालत नाही. मुंबईला येताना ब्लेडं सामानात टाकतो, नाहीतर उतरल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतो.

धोकटी (मिरज)

तुम्ही सगळे आरशासमोर उभं राहून बोलताय. खुर्चीत मान टेकून बसणाऱ्याचं कोणी बोलेना.

आमचं सलून आहे, तिसरी पिढी. आजोबा धोकटी घेऊन गावात फिरायचे, वर्षाच्या बलुत्यावर दाढी करायचे. वस्तऱ्याला रोज चामड्याच्या पट्ट्यावर धार द्यायचे. आज वस्तरा नावालाच तो, आत अर्धं ब्लेड घालतो. साठ रुपयांत दाढी, त्यात दोनदा साबण आणि गरम टॉवेल. स्वतःच्या मानेखालचं माणसाला दिसत नाही, आम्हाला दिसतं. उलटा हात कुठं फिरवायचा आणि कुठं नाही, ते गालाकडं बघून कळतं. ज्याच्या मानेवर पुळ्या आहेत त्याला मी उलटी दाढी करतच नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

एक मात्र सगळ्यांनी पाळा. ब्लेडचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. वापरलेल्या ब्लेडनं काविळीचे बी आणि सी हे दोन प्रकार पसरतात, एचआयव्हीचाही धोका असतो. तुरटीचंही तेच. एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या कापलेल्या गालावर फिरवणं बरोबर नाही. आम्ही तुरटी पाण्यात विरघळवून फवाऱ्यानं मारतो. हे विचारलं म्हणून जो कारागीर चिडेल त्याच्या खुर्चीतून उठा.

रानवाट

तुमच्या हाताची सर आमच्या हाताला येणार नाही, हे कबूल. पण हप्त्याला दोनदा म्हटलं तरी महिन्याचे जवळपास पाचशे होतात. वर सोमवारी तुम्ही बंद, रविवारी तासभर नंबर. रोज दाढी लागणाऱ्याला हे कसं परवडावं?

धोकटी (मिरज)

रोज लागणाऱ्यानं घरीच करावी, मी कुठं नाही म्हणतो? महिन्यातून एकदा या. केसांची दिशा दाखवून देईन, तेवढी शिकून घरी करा. आणि जुनी ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका. आमच्याकडं कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या तळव्याला असंच ब्लेड लागलं, चार टाके पडले. मी पावडरच्या रिकाम्या डब्याला वरून चीर पाडलीय, ब्लेडं त्यात. भरला की चिकटपट्टी गुंडाळून वर 'ब्लेड' लिहून वेगळा हातात देतो.

चैत्रपालवी (नाशिक)

मी दाढी करत नाही, वडिलांची करून देते. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ करण्याची गोळी रोज चालू आहे आणि उजवा हात थरथरतो. मागच्या वर्षी त्यांनी हट्टानं स्वतःच्या स्टीलच्या रेझरनं दाढी केली. ओठाच्या वर इवलंसं कापलं. पाऊण तास रक्त थांबत नव्हतं. बेसिन बघून आई खाली बसली. डॉक्टरांनी सांगितलं, ब्लेड बंद, विजेचा शेव्हर वापरा.

त्यामुळं "ह्याला तोड नाही" असं वाचलं की मला बोलावंसं वाटतं. आमच्या घरी ब्लेडचे चार रुपये महाग पडले. शेव्हरला साडेतीन हजार गेले, पण त्याची जाळी कातडी आणि पात्याच्या मध्ये असते म्हणून मी निर्धास्त असते.

शिकायला मलाही वेळ लागला. म्हातारपणी गालाची कातडी सैल होते, शेव्हर तिच्यावरून नुसता घसरतो. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती कानाकडं ताणून धरावी लागते. कवळी बसवूनच दाढी करायची, काढली की गाल आत जातात आणि खळग्यातले केस राहून जातात. हे मला कोणी सांगितलं नाही, महिनाभरानं माझं मलाच कळलं.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. अण्णा म्हणतात, "ही दाढी नव्हे, हे गवत कापणं." ते तोंड फिरवून बसतात. कुणाला काही सुचतंय का?

रानवाट

चैत्रपालवी, तुमचं वाचल्यावर "तोड नाही" हे शब्द मी मागे घेतो. धडधाकट हात आणि सरळ केस असणाऱ्यासाठी माझं मत तेच आहे, त्यापलीकडं नाही.

अण्णांचं मी समजू शकतो. त्यांना फेस हवा असणार. काही शेव्हर ओल्या-सुक्या दोन्हीला चालतात, साबण लावूनही फिरवता येतात. खोक्यावर तसं लिहिलंय का बघा. नसेल तर पाण्याजवळ अजिबात नेऊ नका.

धोकटी (मिरज)

आणि ब्रश त्यांच्याच हातात द्या, ताई. पाणी कोमट ठेवा. घाई करू नका.

चैत्रपालवी (नाशिक)

खोक्यावर लिहिलंय, ओल्याला चालतो. दीड वर्षात मी ते वाचलंच नव्हतं. आज सकाळी बाल्कनीत खुर्ची टाकली, त्यांची जुनी पितळी वाटी काढली. गोल साबण आईनं जपून ठेवला होता, वरून तडकलेला, पण फेस आला. अण्णांनी ब्रश स्वतः धरला. हात हलत होता, तरी फेस गालभर लागला, थोडा कानालाही. मग मी शेव्हर फिरवला, शेवटी गार पाणी लावलं. तोंड फिरवलं नाही त्यांनी. वीस मिनिटं लागली, एरवी सात लागतात. शेव्हरचं डोकं आता दरवेळी उघडून नळाखाली धुवावं लागेल, तेवढं काम वाढलंय. अण्णांनी रविवारी पुन्हा वाटी काढायला सांगितलीय.