पास्कलमध्ये रोगलाइक खेळ लिहावा की भाषा बदलावी?

प्रश्न
नमस्कार. मी नागपूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत मिळालेल्या पास्कलच्या पुस्तकावरून मी फ्री पास्कल (पास्कल भाषेचा मोफत कंपायलर) शिकलो आणि या उन्हाळ्यात त्यातच एक रोगलाइक (दर वेळी नव्याने तयार होणाऱ्या भुयारांतून खेळी-खेळीने चालणारा खेळ) लिहायला घेतला आहे. भुयारे तयार होतात, पात्र चालते. परंतु प्रत्येक कळ दाबताच पडदा लुकलुकतो, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातली भिंत काढली की संपूर्ण नकाशा एक ओळ वर सरकतो. मित्रांचा आग्रह आहे की पायथन घ्यावे. आपले मत काय?

उत्तर १
दोन्ही अडचणींचा भाषेशी संबंध नाही. आपण बहुधा प्रत्येक खेळीला पडदा पुसून पुन्हा रंगवत आहात. त्याऐवजी मागच्या नकाशाची प्रत जवळ ठेवून, जी घरे बदलली तेवढ्याच ठिकाणी कर्सर नेऊन अक्षर लिहावे. कोपऱ्याचे कारण असे की 80 × 25 च्या पडद्यावर शेवटचे अक्षर लिहिल्यावर कर्सर पुढच्या ओळीवर जाऊ पाहतो आणि त्यामुळे पडदा सरकतो. नकाशा 24 ओळींचा ठेवा आणि 25 वी ओळ संदेशांसाठी राखून तिचा शेवटचा रकाना रिकामा सोडा.

उत्तर २
भाषा मुळीच बदलू नका. ज्यावरून या प्रकाराला नाव मिळाले तो ‘रोग’ (Rogue) हा खेळ 1980 च्या सुमारास सी भाषेत लिहिला गेला हे खरे, पण त्यानंतर काही वर्षांतच रॉबर्ट कोनेके यांनी ओक्लाहोमा विद्यापीठात लिहिलेला ‘मोरिया’ हा रोगलाइक पास्कलमध्येच होता, आणि पुढचा ‘अँगबँड’ त्याच घराण्यातला. ‘डूमआरएल’ तर फ्री पास्कलमध्येच आहे. त्याचा सोर्स कोड उपलब्ध आहे, तो जरूर वाचा. मला पास्कलचे सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की रकाना 1 ते 80 एवढाच असू शकतो हे चलाच्या प्रकारातच (डेटा टाइपमध्ये) सांगून ठेवता येते. रेंज चेकिंग (किंमत ठरलेल्या मर्यादेत आहे ना, याची तपासणी) चालू असेल तर चुकीचा रकाना आला त्याच क्षणी कार्यक्रम थांबतो. रँडसीडची (यादृच्छिक आकडे ज्या बीजापासून निघतात त्या चलाची) किंमतही साठवा, म्हणजे बिघडलेले भुयार जसेच्या तसे पुन्हा उभे करून तपासता येईल.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. लुकलुकणे थांबले. रेंज चेकिंग चालू करताच एरर 201 (मर्यादेबाहेरच्या किमतीची चूक) आला: बोगदा खणणारी प्रोसिजर डावीकडे रकाना 0 पर्यंत जात होती, आणि मी आठवडाभर चूक राक्षसांच्या हालचालीत शोधत होतो.