बळसाणे मंदिरांची त्रिमितीय प्रतिकृती: मेटाव्हर्समध्ये की साध्या ब्राउझरमध्ये?

पांझराकाठ (धुळे) – प्रश्न

साक्री तालुक्यातील बळसाणे येथील प्राचीन मंदिरांची त्रिमितीय प्रतिकृती करून ती धुळे-नंदुरबारच्या शाळांत दाखवावी, असा आम्हा मित्रांचा विचार आहे. ग्राफिक डिझाइन हा माझा व्यवसाय असून ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर जुजबी येते. एका पुरवठादाराने मेटाव्हर्समध्ये (इंटरनेटवरील सामाईक आभासी जगात) जागा भाड्याने घेऊन प्रत्येक शाळेला व्हीआर हेडसेट (आभासी दृश्य दाखवणारा, डोळ्यांवर लावायचा संच) देण्याचा प्रस्ताव मांडला आहे. परंतु धडगावकडच्या शाळांत नेटवर्कचा भरवसा नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

यार्डवाला (भुसावळ)

भाड्याच्या जागेत मंदिर बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने ‘मेटा’ हे नाव घेतले आणि जो तो आभासी जगाची भाषा बोलू लागला. पण मायक्रोसॉफ्टने आपले ऑल्टस्पेस व्हीआर हे आभासी जग मार्च २०२३ मध्ये गुंडाळले, तर मोझिलाने हब्ज या तशाच आभासी जगाची सेवा मे २०२४ च्या अखेरीस थांबवली. हब्जची संगणकीय संहिता खुली असल्यामुळे ज्यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर होता त्यांना ते पुढे चालवता आले, ही त्यातली जमेची बाजू. २००३ पासूनचे सेकंड लाइफ हे आभासी जग आजही चालू आहे, हेही नमूद करायला हवे. तरीही मूळ फाइल आपल्या हाती असणे महत्त्वाचे. ती जीएलटीएफ या त्रिमितीय फाइलींच्या स्वरूपात ठेवावी. हे खुले स्वरूप २०२२ मध्ये आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक झाले असून त्याची एकसंध जीएलबी फाइल साध्या मोबाइलच्या ब्राउझरमध्येही फिरवून पाहता येते. एका हेडसेटमधून एका वेळी एकच विद्यार्थी पाहणार आणि उरलेला वर्ग ताटकळणार, हा हिशेबही पुरवठादारापुढे ठेवावा.

पाटणादेवी रोड (चाळीसगाव)

छायाचित्रणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रतिकृतीचा दर्जा तिथेच ठरतो. फोटोग्रामेट्रीत (छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिकृती करण्याच्या तंत्रात) लागोपाठच्या छायाचित्रांचा साधारण ७० टक्के भाग सामाईक असावा लागतो, आणि प्रत्येक कोरीव भाग किमान तीन कोनांतून टिपावा लागतो. खानदेशच्या उन्हाळ्यात काळ्या दगडावर पडणाऱ्या गडद सावल्या प्रतिकृतीत कायमच्या चिकटतात. म्हणून श्रावणातला, पण कोरडा असा ढगाळ दिवस निवडावा. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर स्थिर ठेवावे आणि मोजमापासाठी चौकटीत ठरावीक लांबीची पट्टी ठेवावी, अन्यथा प्रतिकृती दिसायला सुंदर होईल पण तिचे खरे माप कळणार नाही. मेशरूम हे फोटोग्रामेट्रीचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, मात्र बारकाव्यांची जाळी (त्रिकोणांनी बनलेला प्रतिकृतीचा पृष्ठभाग) काढण्यासाठी एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते. मोबाइलसाठी जाळीतील त्रिकोण ब्लेंडरमध्ये कमी करून नक्षीचा उठाव नॉर्मल मॅपमध्ये (सपाट पृष्ठभागावर उठावाचा आभास देणाऱ्या चित्रात) उतरवावा.

२०२३ पासून गाजत असलेले गॉसियन स्प्लॅटिंग हे छायाचित्रांवरून असंख्य धूसर रंगीत ठिपक्यांनी दृश्य उभे करणारे तंत्र झाडेझुडपे आणि चकाकणारे पृष्ठभाग उत्तम दाखवते. परंतु त्यात सलग पृष्ठभाग नसल्यामुळे मोजमापाला ते फारसे उपयोगी नाही. संरक्षित वास्तू असल्यास तिवई किंवा ड्रोन नेण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी घ्यावी.

बोरीकाठ (अमळनेर)

तंत्राचे सगळे मान्य. माझी हरकत ‘पूर्वीचे वैभव’ दाखवण्याच्या मोहाला आहे. पडलेला भाग कल्पनेने भरून काढला, की विद्यार्थ्यांना खरे काय आणि रचलेले काय हे उमगत नाही. यासाठी वारसास्थळांच्या संगणकीय दृश्यांकरिता ‘लंडन चार्टर’ हे मार्गदर्शक तत्त्वपत्र उपलब्ध आहे. पुनर्रचनेतील प्रत्येक निर्णयाचा आधार नोंदवावा, असे ते सांगते. अनुमानाचा भाग वेगळ्या, सपाट रंगात दाखवणे हा त्यावरचा सोपा मार्ग. निवेदन मात्र प्रमाण मराठीबरोबर अहिराणीतही असावे, एवढा आग्रह धरतो.

पांझराकाठ (धुळे)

सर्वांचे आभार. भाड्याच्या जागेचा प्रस्ताव आम्ही नाकारत आहोत. पेन ड्राइव्हवर वेब-पान आणि जीएलबी फाइल देऊन पाहिली असता पान उघडते, प्रतिकृती मात्र दिसत नाही. हे कशामुळे होत असावे?

यार्डवाला (भुसावळ)

सुरक्षेच्या कारणास्तव ब्राउझर थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचू देत नाही. शाळेच्या संगणकावर एखादा छोटा स्थानिक सर्व्हर चालवावा, किंवा फाइल लहान असेल तर बेस-६४ रूपात (फाइल साध्या अक्षरांत लिहून) पानातच समाविष्ट करावी. दुसऱ्या पद्धतीत आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून आधी ड्राको या संकोचन-पद्धतीने जाळी आकुंचित करावी. मात्र ती जाळी उलगडणारी ड्राकोची फाइलही पानातच समाविष्ट करावी, कारण एरवी ती इंटरनेटवरून मागवली जाते.