मदत हवी आहे: कारागृहात एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळ्यांचे खाडे होताहेत
माझा मावसभाऊ कच्चा कैदी आहे. बाहेर असताना एचआयव्हीची गोळी रोज रात्री न चुकता घ्यायचा, आत गेल्यापासून खाडे होताहेत. एआरटी सेंटरच्या तारखेला पोलीस गार्ड मिळत नाही, हे आहेच. पण मला वाटतं खरी अडचण बराकीत आहे. डबी काढली की 'कसली रे गोळी?' सुरू होतं, म्हणून तोच टाळतो. एचआयव्ही-एड्सच्या २०१७ च्या कायद्यात गोपनीयता आहे, पण भरलेल्या बराकीत ती पाळायची कशी?

त्याला कारागृहाच्या दवाखान्यात बोलावून गोळी देता येईल का? अर्ज अधीक्षकांकडे करायचा की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत? आणि अचानक जामीन झालाच, तर पुढच्या गोळ्या आणि उपचाराचे कागद हातात मिळावेत म्हणून आधीच कुणाला सांगून ठेवावं? वकील नुसतं 'बघू' म्हणतात. कुणाला अनुभव असेल तर मेसेज केला तरी चालेल.